खान्देशात घरी अंडी उबवायची तर: कोंबडी, बदक, बटेर, टर्की सगळ्यांचा हिशोब

राम राम भो. दर एप्रिलला पोरांना सुट्या लागल्या की घरोघरी एकच टूम निघते, इन्क्युबेटर घेऊ अन् पिल्लं काढू. आणि खान्देशात पिल्लं काढायला वर्षातले सगळ्यात खराब महिने कोणते विचाराल तर नेमके हेच, एप्रिल अन् मे.

मशीन फक्त गरम करतं, गार करत नाही. कोंबडीच्या अंड्याला आत ३७.५ डिग्री पाहिजे, अन् जळगाव-भुसावळला मे मध्ये बाहेरच ४३-४४, कधी ४५ च्या वर, पत्र्याच्या खोलीचं तर विचारूच नका, मग बल्ब बंद राहून पण मशीनमधला आकडा ४० च्या पुढं सरकत जातो अन् आपल्या हातात काही राहत नाही. यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ थंड देशातले राहतात, ते लोक उब टिकवायची कशी ते शिकवतात, आपली अडचण उन्हाळाभर बरोबर उलटी. म्हणून नवीन माणसाने दसरा झाला की सुरू करावं अन् होळीच्या आसपास शेवटची बॅच काढून मशीन माळ्यावर टाकावं. पावसाळ्यात पण चांगलं जमतं, ते खाली येईलच.

ज्याला मे मध्येच करायचंय त्याने मशीन स्लॅबच्या किंवा धाब्याच्या घरात, कूलर चालतो त्या खोलीत ठेवावं, कूलरचा झोत थेट अंगावर नको. कूलरने दोन कामं होतात, खोली तीसच्या आसपास राहते अन् हवेत ओल येते.

घरात खुडूक कोंबडी असेल तर

तर पहिली बॅच तिच्याच खाली लावा, मशीनचा खर्च नंतर. गावरान कोंबडी खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायला बसली, की जागची हलत नाही, हात लावला तर फुगून गुरगुरते. टोपलीत खाली थोडी माती अन् वर भुसा किंवा वाळलेलं गवत, अंधारी कोपरा, अन् अंडी रात्री तिच्या खाली सरकवायची. स्वतःची दहा-बारा अंडी मावतात, बदकाची पाच-सहा, टर्कीची पण तेवढीच. बटेरची अंडी तिच्या खाली देऊ नका, कवच पातळ, वजनाने फुटतात. बदकाच्या अंड्यावर तिला २१ ऐवजी २८ दिवस बसावं लागतं, बहुतेक कोंबड्या बसतात पण वाळून जातात, म्हणून दाणा-पाणी हाताच्या अंतरावर ठेवा अन् लोळायला राख-माती द्या नाहीतर उवांनी बेजार होऊन उठून जाते. टोपलीत लोखंडाचा तुकडा किंवा कोळसा ठेवायची पद्धत काही घरात आहे, वीज कडाडली तर अंडी खराब होऊ नये म्हणून, आजी म्हणत असेल तर ठेवा, भांडण कशाला.

कडकनाथ, आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) अन् लेयरच्या, म्हणजे अंड्यासाठीच्या, जाती खुडूक फारशा बसत नाहीत, त्यांच्यासाठी मग मशीन किंवा शेजारची गावरान कोंबडी.

अंडी कुठून घ्यायची

दुकानातली पांढरी अंडी उबवून काही निघत नाही, त्या फार्मवर कोंबडाच नसतो. अंडी अशा ठिकाणची घ्या जिथं नर मादीत मोकळा फिरतो. कोंबड्यांत आठ-दहा माद्यांना एक नर, बदकात पाच-सहाला एक, बटेरमध्ये तीनला एक धरा. गिरिराज, वनराज ह्या संकरित पक्ष्यांची अंडी उबतात, पिल्लं निघतात, पण पुढची पिढी एकसारखी येत नाही, कोणी लवकर वाढतं कोणी तसंच राहतं, मग लोक म्हणतात जात खोटी दिली. जात टिकवायची असेल तर गावरान, कडकनाथ, असील असलं काही घ्या. कडकनाथला २०१८ मध्ये झाबुआच्या नावाने जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, अन् नंदुरबारवरून झाबुआ काही फार लांब नाही, पण त्या नावावर काळी दिसणारी कोणतीही कोंबडी खपवतात, मूळ पक्षी डोळ्यांनी बघूनच अंडी उचला.

जिथं पक्षी मरत आहेत तिथली अंडी फुकट दिली तरी नको. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ च्या फेब्रुवारीत आपल्या नवापूरलाच सापडला होता अन् २०२१ ला परत तिथं कोंबड्या माराव्या लागल्या. अचानक बरेच पक्षी मेले तर लपवू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

अन् मोर, तितर, रानातली बटेर यांची अंडी शेतात सापडली तर तिथंच राहू द्या. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, उचलली तर गुन्हा होतो. पाळायची ती जपानी बटेर, फार्मवरची.

ठेवायच्या आधीचे सात दिवस

सगळ्यात जास्त अंडी इथंच वाया जातात अन् खापर मशीनवर फुटतं. अंडं जमा करून ठेवायचं तर १५ ते १८ डिग्री पाहिजे, जास्तीत जास्त सात दिवस, टोकदार बाजू खाली. पंचविशीच्या वर गेलं की आतला जीव अर्धवट वाढायला लागतो, रात्री गार झालं की थांबतो, दुपारी परत सुरू, अन् असं चार दिवस झालं की तो मशीनमध्ये जायच्या आधीच संपलेला राहतो. आपल्याकडे मार्चपासूनच स्वयंपाकघर पस्तीसच्या वर जातं. फ्रिज पण नको, तिथं चार-पाच डिग्री. सोपा उपाय म्हणजे मोठ्या मडक्यात किंवा कुंडीत ओली वाळू, तिच्यात लहान मडकं बसवायचं, अंडी लहान मडक्यात, वर ओलं फडकं, अन् सगळं सावलीत वारा लागेल असं. खान्देशातली कोरडी हवा इथं कामाला येते, माठातलं पाणी गार होतं तसंच. तरी उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांच्या वर ठेवू नका.

अंडी धुवू नका. कवचावर वरून एक थर राहतो तो जंतू अडवतो, तो निघाला की गेलं. थोडी घाण असेल तर कोरड्या कापडाने पुसा, फार बरबटलेलं असेल तर बाजूला काढा. बदकाच्या अंड्यात हा ताप जास्त, ती चिखलात घालतात, म्हणून घरट्यातला भुसा रोज बदला. तडा गेलेली, लांबुळकी, फार लहान, फार मोठी अंडी ऑम्लेटला. एसटीने किंवा मोटारसायकलवरून हादरे खात आलेली अंडी लगेच मशीनमध्ये टाकायची नाही, टोक खाली करून एक दिवस शांत ठेवायची.

मशीन

विकत घ्या नाहीतर थर्माकोलच्या डब्यात घरी बनवा. घरी बनवायला डब्ल्यू ३००१ नावाचा कंट्रोलर (ठरवलेल्या डिग्रीला बल्ब चालू-बंद करतो तो), कॉम्प्युटरमधला लहान पंखा, ४० वॅटचे दोन साधे तारेचे बल्ब (एलईडी नको, त्याला उब नाही), पाण्याची ताटली अन् ओल मोजायचा मीटर एवढं पुरतं. बल्ब दोन यासाठी की रात्री एक उडाला तर दुसरा चालू राहतो. कंट्रोलरला ३७.५ ला चालू अन् ३७.७ ला बंद करा. पंखा नसलेला डबा असेल तर आकडा वेगळा, अंड्याच्या वरच्या पातळीला ३८.६ ते ३८.९ ठेवावं लागतं कारण उब वर जमते अन् खालची बाजू गार राहते. माझं मत विचाराल तर बिनपंख्याच्या डब्याच्या नादी लागू नका.

स्वस्त सेन्सर एक-एक डिग्री खोटं बोलतात अन् इथं अर्ध्या डिग्रीचा पण फरक पडतो. म्हणून ग्लासभर कोमट पाण्यात कंट्रोलरची वायर अन् घरातला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर सोबत बुडवा, ३७-३८ च्या आसपास दोघांचे आकडे जुळवा, जितका फरक तितकं सेटिंग सरकवा. ओलीच्या मीटरसाठी बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी टाकून चिखलासारखं करा, मीटरसोबत हवाबंद डब्यात आठ-दहा तास ठेवा, मीटरने ७५ दाखवलं पाहिजे. ६९ दाखवलं तर त्याच्या आकड्यात सहा मिळवत चला.

मग एक पूर्ण दिवस रिकामं मशीन चालवा. रात्रीची थंडी अन् दुपारची गर्मी दोन्ही बघितल्याशिवाय अंडी आत टाकायची नाही.

लाईटचं बघून घ्या. शेतातल्या शेडवर पंपाच्या फिडरची लाईन असेल अन् ती आठच तास येत असेल तर मशीन तिथं नको, गावातल्या घरात ठेवा. लाईट गेली तर घाबरून झाकण उघडू नका, थंडीत वरून गोधडी टाका (हवेची भोकं मोकळी), लांबलं तर गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवा. तीन-चार तास थोडं गार झालं तर अंडी सहन करतात, पिल्लं फारतर उशिरा निघतात. उन्हाळ्यात उलट, लाईट गेली की झाकण थोडं उघडं करा, कारण शेवटच्या आठवड्यातली अंडी स्वतःच उष्णता सोडतात अन् पंखा बंद. जास्तीची गर्मी थंडीपेक्षा लवकर मारते हे डोक्यात पक्कं ठेवा.

ओल, म्हणजे ह्युमिडिटी

अंड्यातून रोज थोडं पाणी उडालं पाहिजे तेव्हाच रुंद बाजूची हवेची पोकळी मोठी होते अन् पिल्लाला शेवटी पहिला श्वास तिथं घेता येतो. कमी उडालं तर पिल्लू आत सुजून बुडतं, जास्त उडालं तर आतला पापुद्रा चिकटून वळताच येत नाही. कोंबडीला पहिले १८ दिवस ४५ ते ५५ टक्के अन् शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. बदकाला पहिल्यापासून ५५ च्या आसपास, शेवटी ७०-७५.

लोकांचा गोंधळ होतो तो असा, पावसाळ्यात खोलीत ८५ टक्के ओल दिसते म्हणून घाबरतात. हवा गरम झाली की तिचे टक्के पडतात. खोलीत २७ डिग्री अन् ८५ टक्के असली तर तीच हवा मशीनमध्ये ३७.५ ला साधारण ४७ टक्के भरते, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये पहिले १८ दिवस ताटलीत पाणी टाकायची गरजच नाही. डिसेंबरच्या पहाटे १२ डिग्री अन् ६० टक्के असेल तर आत जाऊन जेमतेम १३ टक्के राहते, तेव्हा ताटली मोठी पाहिजे. ओल वाढते ती ताटलीच्या रुंदीने, खोलपणाने नाही, त्यामुळे उभ्या ग्लासात पाणी ठेवून काही होत नाही. पाणी कोमटच टाका.

मीटरवर भरवसा नसेल तर वजन करा. किचनचा ग्रॅमचा काटा घ्या, अंड्यावर पेन्सिलने वजन लिहा. कोंबडीचं ५० ग्रॅमचं अंडं अठराव्या दिवशी ४४ च्या आसपास पाहिजे, म्हणजे ११ ते १३ टक्के घट. ४६-४७ वरच अडकलं असेल तर ओल कमी करा, ४२ वर आलं असेल तर वाढवा.

कोणाला किती दिवस

जपानी बटेर १७-१८ दिवस, फिरवणं १४-१५ व्या दिवशी बंद.
कोंबडी २१, फिरवणं १८ ला बंद.
गिनी फाउल २६ ते २८, फिरवणं २४ ला बंद.
टर्की २८ अन् साधं बदक (खाकी कॅम्पबेल, पेकिन, गावठी) पण २८, दोघांचं फिरवणं २५ ला बंद.
राजहंस तीसच्या आसपास, २७ ला बंद.
मस्कोव्ही, ते लाल गाठीच्या तोंडाचं बदक, ३५, फिरवणं ३१-३२ ला बंद.

ठेवला तो दिवस शून्य धरायचा. कोंबडीची अंडी शनिवारी संध्याकाळी ठेवली की पिल्लं तीन आठवड्यांनी शनिवारीच येतात, नोकरीवाल्याला रविवार मोकळा सापडतो.

फिरवणं म्हणजे दिवसातून निदान तीन वेळा, पाच वेळा झालं तर उत्तम, वेळा विषम ठेवा म्हणजे रात्रीची लांब पाळी रोज त्याच बाजूला येत नाही. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल, पेन्सिलने. नाही फिरवलं तर गर्भ कवचाला चिकटतो. पहिला आठवडा सगळ्यात महत्त्वाचा, अन् नेमका त्याच आठवड्यात घरात लग्न निघतं, तर ऑटोमॅटिक ट्रे घेतलेला बरा. बटेरची अंडी ट्रेमध्ये बसत नाहीत, तिचा ट्रे वेगळा घ्या.

बदक अन् राजहंसाचं एक जास्तीचं काम आहे. दुसऱ्या आठवड्यापासून फिरवणं बंद होईपर्यंत रोज दहा-पंधरा मिनिटं झाकण उघडून अंडी गार होऊ द्यायची अन् कोमट पाण्याचा हलका फवारा मारायचा. मादी चरायला-पोहायला उठते अन् ओल्या पिसांनी परत बसते, तीच नक्कल.

सगळी एकत्र ठेवायची का

जमतं, पण निघायचा दिवस एक आला पाहिजे. आधी मस्कोव्ही, सात दिवसांनी बदक अन् टर्की, परत सात दिवसांनी कोंबडी, अन् त्याच्या तीन-चार दिवसांनी बटेर. असं केलं की सगळ्यांचं फिरवणं साधारण एकाच दिवशी थांबतं अन् ओल एकदाच वाढवावी लागते. ओल तेवढी मधली, पन्नासच्या थोडी वर धरा. शेवटच्या तीन दिवसात बटेरची अंडी भाजीच्या बारीक जाळीच्या टोपलीखाली झाका, बटेरचं पिल्लू अंगठ्याएवढं, बदकाचं पिल्लू त्याच्यावर पाय देऊन जातं. आज दोन, उद्या चार अशी रोज अंडी टाकत जायची सवय मात्र सोडा, एकाला फिरवायचं अन् दुसऱ्याला नाही असा घोळ होतो.

उजेडात बघणं

सातव्या दिवशी रात्री लाईट बंद करून मोबाईलच्या टॉर्चवर अंड्याची रुंद बाजू टेकवा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा अन् मध्ये हलणारा ठिपका म्हणजे जिवंत. नुसतं पिवळं-स्वच्छ म्हणजे रिकामं. लाल गोल कडं दिसलं म्हणजे सुरू होऊन मेलेलं, काढून टाका. बटेर अन् गिनी फाउलच्या अंड्यात ठिपक्यांमुळे काही समजत नाही, दहाव्या दिवशी बघा. शंका असेल ते ठेवा, चौदाव्या दिवशी परत बघा. ज्याला वास येतो किंवा कवचावर घामासारखे थेंब येतात ते हळूच उचलून लांब पुरा, ते फुटलं तर सगळी बॅच नासते. बदकाच्या अंड्यात हे जास्त होतं.

शेवटचे तीन दिवस

फिरवणं बंद, ओल वर, झाकण बंद. खाली कागद टाकू नका, पाय घसरून फाकतात, बारदान किंवा जाळीचं मॅट टाका. पहिलं छिद्र पडल्यापासून बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागू शकतात, बदकाला त्याहून जास्त. मधेच थांबतं ते विश्रांती घेतं, आतली रक्ताची नस आटते अन् बलक पोटात ओढला जातो. ह्या वेळेला कवच सोललं तर रक्त येतं अन् पिल्लू जातं. झाकण उघडलं की ओल उडते अन् बाकीच्यांचा पापुद्रा सुकून आवळतो, म्हणून एकाला वाचवायला जाऊन चार जातात. घरातल्या पोरांना सांगा काचेतून बघा. निघालेलं पिल्लू पोटातल्या बलकावर दोन दिवस काढतं, पूर्ण सुकू द्या, मग एकदमच सगळी काढा. उरलेली अंडी दोन दिवस जास्त ठेवून मग बंद करा.

पिल्लं बाहेर आल्यावर

पहिल्या आठवड्यात ३५ डिग्री, पुढं दर आठवड्याला तीनने कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लं बघा, बल्बखाली गठ्ठा झाला तर थंडी, लांब पळून चोची उघडल्या तर गर्मी. धुळ्यात जानेवारीला रात्री पारा सहा-सातवर येतो, तेव्हा एक बल्ब पुरत नाही. मांजर, मुंगूस, घूस तिघांपासून जाळी पक्की.

पहिलं पाणी थोडा गूळ टाकून, चोच एकदा बुडवून दाखवा. बटेरच्या पाण्यात गोट्या किंवा खडे टाका नाहीतर बुडून मरतात. टर्कीची पिल्लं खायला मंद, दाण्यावर बोटाने टकटक करावं लागतं. कोंबडीला चिक स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य) २०-२२ टक्के प्रोटीनचं चालतं, बटेरला २४ च्या वर अन् टर्कीला २८ पर्यंत पाहिजे, त्यांना साध्या मक्याच्या भरड्यावर वाढवायला जाऊ नका.

बदकाच्या पिल्लांना बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची जुनी पेंड चुकूनही देऊ नका. त्यातलं अफलाटॉक्सिन (बुरशीचं विष) कोंबडी थोडंफार सहन करते, बदक नाही, लिव्हर जातं अन् पटापट मरतात. पावसाळ्यात पोत्याच्या तळाचं खाद्य त्यांना नकोच. त्यांना नायसिन (एक बी व्हिटॅमिन) पण जास्त लागतं, खाद्यात ब्रुअर्स यीस्ट मिसळा, नाहीतर पाय वाकडे होतात. अन् आईशिवाय वाढवलेली पिल्लं पहिले काही आठवडे पाण्यात सोडू नका, पिसांना तेल नसतं, भिजून थंडीने जातात.

कोंबडीच्या पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा (राणीखेतची लस) डोळ्यात थेंब, दोन आठवड्यांच्या आसपास गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात लासोटा परत. लस शंभर-दोनशे डोसच्या बाटलीत येते अन् कालवली की दोन तासात संपवावी लागते, तर गल्लीतल्या चार जणांनी बॅच एकाच आठवड्यात काढली तर एका बाटलीत सगळ्यांचं भागतं. बाटली दवाखान्यातून बर्फातच आणायची, खिशात नाही. नवीन पिल्लं जुन्या कोंबड्यांत लगेच सोडू नका.

बॅच निघाली की त्याच दिवशी मशीन रिकामं करून कवच अन् पिसांचा भुगा काढा, ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने पुसा, एक दिवस कडक उन्हात उघडं ठेवा. थर्माकोल असेल तर ऊन नको, सावलीतच वाळवा, वाकतो. सेन्सरवर भुगा बसलेला राहिला तर आकडा उशिरा हलतो, तो हलक्या हाताने पुसा अन् कोमट पाण्याची ती थर्मामीटरवाली तपासणी प्रत्येक बॅचच्या आधी परत करा.